एटीएमच्या पडद्यावरचा तो प्रश्न

परदेशात फिरताना दोन कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, हा सल्ला बरेच जण देतात आणि तो पटतो. पण पैसे काढताना मशीनच हळूच खिसा कापतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. परदेशातलं एटीएम बरेचदा विचारतं, रक्कम तुमच्या चलनात वळवून हवी का? आकडा ओळखीचा दिसतो म्हणून आपण 'हो' दाबतो. मग दर लागतो मशीनवाल्याचा, आणि तो बहुधा महागच असतो. 'नाही' दाबलं तरी पैसे येतात, फक्त व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने. पहिल्या खेपेला व्यवहारच रद्द होईल या भीतीने मी मुकाट 'हो' दाबलं होतं!

दुकानातही हेच. तिथे कधीकधी काउंटरवरचा माणूसच आपल्या वतीने 'हो' दाबून मोकळा होतो, तेव्हा पिन टाकण्याआधी मशीनवर चलन कोणतं दिसतंय ते बघा.