मुंबईहून सकाळी जाऊन रात्री परत: समुद्रकाठच्या जुन्या गावांचे तुमचे अनुभव

मुक्काम न करता अलिबाग, रेवदंडा, वसई असं एखादं गाव कुणी कुणी गाठलंय? फसलेल्या सहली आधी लिहा. माझ्यापासून सुरुवात.

गेटवेहून बोट, तासाभरात मांडवा, तिथून बसनं अलिबाग. साडेदहाला किनाऱ्यावर उभे, तर कुलाबा किल्ला समोर आणि मध्ये भरपूर पाणी. आई म्हणाली, "पंचांग बघायचंस ना!" तिचा हिशेब: तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, आली भरतीची वेळ. त्या दिवशी एकादशी. अकरा त्रिक तेहेतीस, म्हणजे सव्वाआठला भरती आणि ओहोटी अडीचच्या सुमारास. मुकाट्यानं आधी जेवून घेतलं. दीडला उतरलो तेव्हा पाणी पोटरीपर्यंतच होतं. आत १७५९ सालचं गणपतीचं देऊळ आहे, चारी बाजूंना खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर आहे. तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा. मुलगा म्हणाला, "कान्होजींच्या!" जवळ जाऊन बघितलं तर त्यांवर यॉर्कशायर आणि १८४९ अशी अक्षरं. कान्होजी आंग्रे गेले १७२९ मध्ये. मुलगा हिरमुसला.

*

आईंचा हिशेब पक्का, पण अष्टमीला जाऊ नका. ओहोटी ऐन बाराला येते खरी, पण तेव्हा भांग असतं, म्हणजे पाणी पुरतं ओसरत नाही. आम्ही घोडागाडी केली. मध्यावर घोडा थांबला, लाट आत आली आणि मांडीवरच्या डब्यातले पोहे खारट झाले. तरी खाल्ले.

*

आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये बाईक घातली आणि थेट रेवदंडा. तिथं डांबरी रस्ताच पोर्तुगीज तटातून आत शिरतो, माडांच्या वाड्या किल्ल्याच्या आत! पुढं कुंडलिकेच्या पुलापलीकडं कोर्लई. एक आजी नातवाला ओरडत होत्या. कोंकणी वाटली, पण एक शब्द कळेना. विचारल्यावर मराठीत म्हणाल्या, "ही आमची बोली, नौ लिंग." पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली ही भाषा बोलणारं गाव हे एवढंच. किल्ला सुंदर आहे, पण वर सावली नाही. दुपारी चढलो ही चूक.

*

जंजिरा एका दिवसात? केलाय. राजपुरीला शिडाच्या होडीची रांग, आत जेमतेम पाऊण तास, बाकी सगळा वेळ गाडीत. मुक्कामच करा.

*

वसईचं कुणीच लिहिलं नाही! लोकलनं जाता येतं, भरती-ओहोटीचा जाच नाही. छप्पर उडालेल्या चर्चमध्ये जमिनीवरच्या फरश्या म्हणजे कोरीव थडग्याचे दगड आहेत. कळेपर्यंत आम्ही त्यावरच चालत होतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर इथल्या घंटा देवळांमध्ये गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा लहानपणी पाहिली होती, ती इथली हे तिथं उभं राहिल्यावर डोक्यात शिरलं.

*

येत्या रविवारी कुलाब्याला जायचंय, सासूबाई बरोबर आहेत. द्वादशी आहे. जमेल?

*

बारा त्रिक छत्तीस, नऊला भरती. तीनला ओहोटी. जेवून उतरा, सासूबाईंना रबरी चपला द्या. परतीची शेवटची बोट कितीची ते मांडव्याला उतरतानाच विचारून ठेवा.