मुंबई ते लंडन खरे तास किती?

सुरंगी: आई (वय ७१) मे महिन्यात पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, तीही एकटी. माझा धाकटा भाऊ लंडनला असतो, त्याच्याकडे. आम्ही देवगडचे. विमान थेट आहे. जाताना मुंबईहून दुपारी १.१५ ला सुटतं, संध्याकाळी ६.३० ला पोचतं. येताना रात्री ८.४५ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.१५ ला. जाताना सव्वापाच तास आणि येताना साडेतेरा, असं कसं? तिच्या साखरेच्या गोळ्या जेवणाबरोबर असतात आणि गुडघ्यांमुळे सलग बसवत नाही, म्हणून खरे तास हवेत.

ठाणेकर: तिकिटावर त्या त्या शहराची वेळ असते. मेमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे (हिवाळ्यात साडेपाच). जाताना साडेचार मिळवा, पावणेदहा तास. येताना वजा करा, नऊ.

दर्यावर्दी: उरलेला पाऊण तास बराचसा वाऱ्याचा. मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यामुळे हे फार जवळचं आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.

अंतर सुमारे ७,२०० किमी. ताशी ९०० ने भागलंत तर आठच तास येतात. पण छापलेल्या वेळेत धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, चढणं, उतरणं सगळं धरलेलं असतं. शिवाय ७,२०० हे सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते लंडन जाळ्याचा दोरा घट्ट ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने रेघ मारली तर ती इराक-तुर्कस्तानवरून जाते; गोलावर दोरा वर सरकतो आणि पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा जातो. त्यातलं युक्रेनचं आकाश २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानवरून जायला बंदी आली. मग वळसा घ्यावाच लागतो.

आंबोळी: माझ्या आईला नेलं तेव्हा विमानात तिचं घड्याळ इथल्याच वेळेवर ठेवलं होतं. पहिलं जेवण सुटल्यावर तास-दीड तासाने आलं, दुसरं उतरायच्या दोनेक तास आधी. तुमच्या वेळांना तसंच झालं तर ते साधारण अडीच आणि नऊ, आपल्या घड्याळाने. हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांचं तेच ठरवतील. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. चाकाची खुर्ची हवी असेल तर विमान कंपनीला आधीच कळवा, आणि जागा मधल्या वाटेकडेची घ्या, म्हणजे उठून चार पावलं टाकता येतात.

सुरंगी: सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मी इतकंच सांगितलं, की कणकवलीहून कोकणकन्येने मुंबईला जायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच. तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला. लगेच विचारलं, "मग रात्रीचं नऊला जेवायचं ना? साडेआठला जेवते मी. अर्ध्या तासाने काही होत नाही." उद्या डॉक्टरांकडे कागद घेऊन जातोय.