प्रतिसाद: दोष खांद्याच्या पट्ट्यांचा नसतो
खांद्यात रुततं म्हणून रुंद पट्ट्यांची ब्रा घ्या, असं वर म्हटलंय. फरक पडतो, पण थोडाच. खरा भार छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. तो सैल असला की पाठीवर वर सरकतो आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं. मी कित्येक वर्षं ३६ बी (आकडा पट्ट्याचा, अक्षर कपाचं) घालून दिवसभर फळ्यापुढे उभी राहायची, संध्याकाळी खांद्यांवर लाल वळ! मग ३४ सी घालून पाहिली. अक्षर बदललं तरी कपात मावतं तेवढंच बरं का, कारण कपाचं अक्षर पट्ट्याच्या मापावरून ठरतं; फक्त पट्टा घट्ट होतो.

आणि नवी घेताना सगळ्यात बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसते का बघा. इलॅस्टिक पुढे ढिलं पडतंच, तेव्हा आतले हुक कामी येतात. दुकानदार ‘एक साइज मोठी घ्या, ताई’ म्हणाला तरी ऐकू नका.