मदत हवी आहे: सिव्हिकवर बांधलेली पिवळी 'गॅलार्डो' घ्यावी का? (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहितो. रविवारपर्यंत २० हजार टोकन द्यायचं की नाही ते ठरवायचंय आणि माझं मन काही एका जागी थांबत नाही.

गाडी होंडा सिव्हिक, २०११ ची, १.८ पेट्रोल, एमएच-१२ पासिंग. पण रस्त्यावर बघून कुणी सिव्हिक म्हणणार नाही. वरचा सगळा पत्रा काढून लॅम्बोर्गिनी गॅलार्डोची फायबर बॉडी चढवली आहे. पिवळीधमक. बांधून घेणारे वेगळे होते, आत्ताच्या मालकांनी त्यांच्याकडून घेतली. मागतायत ५ लाख ७५ हजार. त्याच सालची साधी सिव्हिक याच्यापेक्षा पुष्कळ कमी पैशात मिळते हे मला कळतंय. वरचे पैसे दिसण्याचे.

गाड्यांचा नाद लहानपणापासून. दसऱ्याला वडील मला खांद्यावर बसवून दसरा चौकात न्यायचे. ते सोनं लुटायला जायचे आणि मी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघायला. आता उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, माझं छोटं पॅटर्न शॉप आहे, ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवतो, पोटापुरतं बरं चाललंय. खरी गॅलार्डो या जन्मात परवडायची नाही. ही परवडते. मुलगा आठ वर्षांचा आहे, तो फोटो उशाशी घेऊन झोपतो.

मागच्या रविवारी कावळा नाक्यापासून शिरोलीपर्यंत चालवून बघितली. इंजिन गोड आहे, गिअर लोण्यासारखे पडतात. पंचगंगेच्या पुलावर दुचाकीवाले शेजारी येऊन फोटो काढत होते. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. परत येताना दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला मात्र टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. नाक इतकं खाली आणलंय की रेडिएटर तिरका बसवलाय, हवा नीट लागत नसावी. खऱ्या गाडीत इंजिन सीटच्या मागं, दहा सिलिंडरचं व्ही-टेन. हिच्यात पुढंच चार सिलिंडरचं, मागच्या जाळीखाली नुसती पोकळी. दरवाजे कात्रीसारखे वर उघडतात. खऱ्या गॅलार्डोचे दरवाजे साधे, बाजूला उघडणारे असतात. त्यातही डाव्या दरवाजाचा गॅस पंप गेलाय, मालक लाकडी दांडकं लावून तो टेकवतात.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. अडकलो ते मापावर.

सिव्हिकचा व्हीलबेस २७०० मिलिमीटर, गॅलार्डोचा २५६०. मग सिव्हिकवर ही बॉडी इतकी बेतशीर बसली कशी? टेप काढला, चाकं सरळ केली आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या मध्यापर्यंत मापलं. उजवीकडे २५६९, डावीकडे २५५६. तीन वेळा मापलं. म्हणजे मधून साधारण १४ सेंटिमीटर फ्लोअर कापून परत जोडलाय, आणि जोडताना दोन बाजूंत १३ मिलिमीटरचा फरक ठेवलाय. आमच्या धंद्यात अर्धा मिलिमीटर चुकला तर कास्टिंग परत येतं. स्टेअरिंग हलकं सोडलं की गाडी डावीकडे ओढत होती, त्याचं कारण मला तिथंच कळलं.

कागद असे: आरसीवर बॉडी सलून, म्हणजे साधी चार दारांची बंद गाडी, आसनं पाच. गाडीत सीटा दोन. आरसीची मुदत पुढच्या सप्टेंबरपर्यंत. विमा फक्त थर्ड पार्टी, साध्या सिव्हिकच्या नावानं. मालक म्हणतात, "आजपर्यंत कुणी अडवलं नाही."

कृपया सांगा, असा जोड नीट करून घेता येतो का? आणि कागद कधीतरी सरळ होतील का?

प्रतिसाद:

भावा, नाद कळतोय, पण ते १३ मिलिमीटर सोडू नकोस. जुन्या फोक्सवॅगन बीटलला खालचा सांगाडा वेगळा आणि वरची बॉडी बोल्टनं बसवलेली, म्हणून जगभर तिच्यावर दुसऱ्या बॉड्या चढल्या. सिव्हिकला वेगळी चेसिसच नाही. फ्लोअर, सिल (दरवाजाखालचा पत्र्याचा पट्टा), खांब, छप्पर मिळूनच ताकद. यांनी छप्पर उडवलं आणि फ्लोअरही कापला. वर फायबर आहे, ते आकार देतं, धडकेचा भार घेत नाही. टोकन द्यायच्या आधी गाडी रॅम्पवर घे, खालून ताजा काळा अंडरकोट (गंज न धरण्यासाठीचा थर) दिसला की खरवड. कार्पेट उचलून गाळ बघ, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या भागातल्या किती गाड्या बुडाल्या ते तुला सांगायला नको. पत्र्यात कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घास. आकड्यांची ओळ वाकडी आली किंवा आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा उमटल्या तर तिथूनच माघारी फिर.

कागदाचं म्हणशील तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अडवलं नाही ते ठीक, पण १५ वर्षं भरली की नूतनीकरणाला गाडी आरटीओत उभी करायला लागते. तिथं इन्स्पेक्टर पाच सीटांची सलून शोधणार. म्हणजे तू पावणेसहा लाख देणार आणि वर्षभरात गाडी दारात उभी. विम्याचंही तेच, बदल कळवलेला नसेल तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण.

फायबरची टू-सीटरच पाहिजे असली तर सान स्टॉर्म शोध. गोव्याची गाडी, रेनोचं १.२ लिटर इंजिन. वेगाची नाही आणि पार्टसाठी हिंडायला लागतं, पण कारखान्यातनंच तशी आली, त्यामुळं आरसी आणि गाडी एकच.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या वेल्डर मित्राला घेऊन गेलो. मालकांनी रॅम्पवर गाडी घेऊ दिली, त्याबद्दल त्यांचेही आभार, माणूस सरळ आहे. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. चेसिस नंबर स्वच्छ आहे, पेन्सिलीत ओळ सरळ उतरली, गाळही कुठं नाही. पण डाव्या सिलचा अंडरकोट खरवडल्यावर जोड दिसला. पत्रा पत्र्याला टोकाला टोक लावून जोडलाय, आतून पट्टी नाही, वेल्डिंग मधेमधे सुटलंय आणि त्या फटीत पुट्टी भरली आहे. मित्रानं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पुट्टीचा खडा खाली पडला. तो खडा मी खिशात घालून आणलाय. नीट करायचं तर बॉडी उतरवून, जिग (माप पक्कं धरणारा साचा) लावून परत कापायला लागेल, आणि एवढं करून आरसीवर सलूनच राहणार.

टोकन दिलं नाही. त्या जोडावर मुलाला शेजारी बसवून पन्हाळ्याचा घाट चढायची माझी हिंमत नाही. रात्री त्याला खडा हातात देऊन समजावलं. बराच वेळ रडला, मग विचारलं, आपण उद्यमनगरातच एक बनवू या का?

सान स्टॉर्म कुणाच्या ओळखीत विकायची असेल तर जरूर कळवा. बंद पडलेली असली तरी चालेल, फक्त आरसी आणि चेसिस नंबर जुळायला हवा. गोव्यापर्यंत यायची तयारी आहे.