मदत हवी आहे: बॅकअप रात्रीत संपत नाही, आधी कशाचा घ्यावा?

काट्यावरचा
नमस्कार मंडळी. रात्री दहाला सुरू झालेला बॅकअप दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत चालतो. सकाळी गाड्या काट्यावर लागतात आणि सिस्टीम नुसती रांगते. शेठ म्हणतात, सीझन संपेपर्यंत एक रुपया मिळणार नाही. चार सर्व्हर, तीन ठिकाणं. आधी कशाचा बॅकअप घेऊ, कशाचा सोडू? उद्या सकाळपर्यंत काहीतरी करायचंय, लवकर सांगा.

लालदिवा
कसला काटा? किती डेटा? कशावरून कशावर? वैद्याला निदान नाडी तरी दाखवा.

ढगातला_पुणेकर
सगळं क्लाउडवर टाका आणि शांत झोपा. आम्ही तीन वर्षांपूर्वीच टाकलं. लोक अजून डब्यात डेटा ठेवतात याचं नवल वाटतं.

काट्यावरचा
सॉरी, घाईत लिहिलं. रत्नागिरीजवळ आंब्याचं कॅनिंग. वजनकाटा आणि बॅचचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर (डेटाबेस, ६० जीबी), हिशेबाचं टॅली वेगळ्या सर्व्हरवर, फाइल सर्व्हर ६०० जीबी, एक डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा). शहरातलं ऑफिस आणि कोल्ड स्टोरेज व्हीपीएनवर. अपलोड १० एमबीपीएस, तेही वारा सुटला की गायब. बॅकअप ८ टीबीच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा), रोज फुल, म्हणजे सगळं पहिल्यापासून.

लालदिवा
हिशेब जुळत नाही. गिगाबिट लाइनवर सेकंदाला १०० एमबी धरले तर १४ तासांत ५ टीबी जातात. तुम्ही सांगितलेलं एक टीबीसुद्धा भरत नाही. बाकीचं काय आहे?

काट्यावरचा
कॅमेरे. ते फाइल सर्व्हरच्याच दुसऱ्या ड्राइव्हवर आहेत, म्हणून वेगळे धरले नाहीत. मागच्या वर्षी क्रेट गायब झाले, तेव्हापासून शेठना सगळं रेकॉर्डिंग हवंय. साडेचार टीबीच्या आसपास असेल.

लालदिवा
म्हणजे नॅसवर एकच प्रत मावते, आणि नवी घ्यायची तर आधी जुनी उडवावी लागते. रात्री तीनला लाइट गेली तर हातात जुनीही नाही, नवीही नाही. हे तुमच्या सकाळच्या रांगेपेक्षा गंभीर आहे.
@ढगातला_पुणेकर: १० एमबीपीएसवर ५ टीबी चढायला ४६ दिवस लागतात. तोवर आंबा संपून पेरण्या होतील.

मिररवाला
नॅसमध्ये रेड लावा, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर. एक डिस्क गेली तरी दुसरी आहेच. मग बॅकअप लागतोच कशाला?

लालदिवा
रेडमुळे डिस्क मेली तरी काम थांबत नाही, एवढंच. कोणी चुकून टेबल पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचंही तेच.

हापूसप्रेमी
माझं जुनं व्हॉट्सॲप नवीन फोनवर येत नाहीये. बॅकअप गुगल ड्राइव्हवर दिसतोय. कोणी सांगेल का?

मालवणचो
तेनी इचारल्यान काय, नि तुमी इचारतास काय! जुनोच नंबर आणि तोच गुगल अकाउंट घाला, येतला.

वाशिष्ठीकाठची
चिपळूणहून लिहितेय. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. बॅकअपची डिस्क अगदी नियमाने काढलेली, पण ठेवली कुठे, तर कॉम्प्युटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. लाकूड फुगून ड्रॉवर उघडेना, शेवटी पहारीने फोडला. आत चिखल, आणि चिखलात डिस्क. म्हणून आधी ठरवा, एक प्रत कारखान्याबाहेर रोज कोण नेणार.
क्रमाचं म्हणाल तर मी दोन गोष्टी बघते. बंद पडलं तर किती तास कळ काढता येईल? आणि गेलेलं पुन्हा हाताने भरता येईल का? काट्याची पावती बागायतदाराकडे असते, तिच्यावरून भराल. बॅचच्या तापमानाच्या नोंदी कुठून आणाल?

लालदिवा
ताई, सहमत. कॅमेरे आजच बॅकअपमधून काढा. शेठना शेवटचे १५ दिवस पुरतील का विचारा, ते आहेत त्या ड्राइव्हवरच राहू द्या. एसक्यूएलचा फुल रोज रात्री आणि लॉग बॅकअप (मधल्या बदलांची नोंद) दर १५ मिनिटांनी. त्यासाठी डेटाबेसच्या सेटिंगमध्ये फुल रिकव्हरी मोड हवा. मग टॅली, मग फाइल सर्व्हरचे फक्त बदल. डोमेन कंट्रोलर आकाराने छोटा, पण परत उभं करताना पहिला तोच. नाव-पासवर्ड ओळखणाराच नसेल तर काट्याचं सॉफ्टवेअर उघडणार कोण? आणि नॅस डोमेनमध्ये, म्हणजे त्याच लॉगिनला, जोडला असेल तर बाहेर काढा, नाहीतर ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्या हाती त्याच्या हाती बॅकअपही.

ढगातला_पुणेकर
६० जीबीचा डेटाबेस तरी क्लाउडवर पाठवा की. कॉम्प्रेस करून, पहिल्या रात्रीनंतर फक्त बदल.

लालदिवा
हे मान्य. आधीच असं म्हणाला असतात तर भांडण वाचलं असतं.

काट्यावरचा
कॅमेरे काढले. रात्री दहाचा बॅकअप एकच्या आत संपला. सकाळी काट्यावर कोणी ओरडलं नाही.

वाशिष्ठीकाठची
छान. आता त्यातलं काही परत काढून बघितलंत का?

काट्यावरचा
आज दुपारी बसलो. फाइल उघडायला पासवर्ड मागतेय. आधीच्या माणसाने बॅकअप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेला. त्याला फोन केला, तर म्हणाला, "फाइल सर्व्हरवर पासवर्ड नावाची एक्सेल आहे, तिच्यात बघ."

लालदिवा
आणि फाइल सर्व्हरच गेला असता तर? आत्ता उठा, तो पासवर्ड वहीत लिहा आणि वही घरी न्या.

मालवणचो
ती वही चिपळूणक ठेव नको, इतक्यांच.

हापूसप्रेमी
व्हॉट्सॲप आलं, आभार. अवांतर: कॅनिंगला आंबा किलोमागे काय भावाने घेताय?