‘विजेचा वेग’ म्हणजे नेमका कोणाचा वेग?

प्रश्न (यावल तालुक्यातून)

‘विजेचा वेग प्रकाशाच्या वेगाइतकाच असतो’ हे विधान एका सराव-प्रश्नसंचात ‘बरोबर’ आणि दुसऱ्यात ‘चूक’ म्हणून दिलेले आढळले. दहावीच्या मुलांना काय सांगावे? आमची बहुतेक मुले केळी पिकवणाऱ्या घरांतली आहेत. रात्री ‘लाईट उनी’ (लाईट आली) अशी हाक आली की स्टार्टर दाबायला ती वडिलांबरोबर मळ्यात जातात, आणि वीज म्हणजे दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रातून तारेतून वाहत आलेला काहीतरी पदार्थ आहे, अशी त्यांची पक्की समजूत आहे. ‘वीजप्रवाह’ या शब्दानेच ही समजूत रुजवली असावी, असे मला वाटते. शिवाय ‘विद्युतचुंबकीय लहरी’ लिहावे की ‘तरंग’, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (भुसावळहून)

ताई, दोन्ही प्रश्नसंचांनी ‘वीज’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वाचला आहे, म्हणून उत्तरे उलटी आली. मुळात हा शब्द आकाशातला आहे. संस्कृत ‘विद्युत्’ मध्ये ‘द्युत्’ म्हणजे चमकणे हा धातू आहे, आणि प्राकृतातील ‘विज्जु’ वरून आपली ‘वीज’ आली. अहिराणीत विहिरीची ‘इहीर’ होते तशी विजेची ‘ईज’ होते. पुढे तारेतल्या शक्तीलाही आपण तेच नाव दिले आणि त्यासोबत आकाशातल्या विजेचा वेगही तिला मनोमन देऊन टाकला. गंमत अशी की आकाशातल्या विजेलाही एकच एक वेग नसतो. ढगातून टप्प्याटप्प्याने खाली उतरणारी, सहसा डोळ्यांना न दिसणारी वाट सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर वेगाने पुढे सरकते, तर ती जमिनीला भिडल्यावर वर झेपावणारा लखलखाट सेकंदाला सुमारे १ लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या जवळजवळ एक तृतीयांश वेगाने जातो.

तारेतल्या विजेबाबत तर किमान दोन वेग वेगळे मानलेच पाहिजेत. पहिला इलेक्ट्रॉनांच्या सरकण्याचा. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १० अँपिअर एकदिश (एकाच दिशेने वाहणारा, डीसी) प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला फक्त ०.३ मिलिमीटर पुढे सरकतात, म्हणजे मीटरभर अंतराला त्यांना जवळजवळ एक तास लागतो. (ते आळशी असतात असे मात्र नव्हे, त्यांची दिशाहीन धावपळ सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने चालूच असते, पण ती सर्व दिशांना असल्याने तिच्यातून प्रवाह निर्माण होत नाही.) दुसरा वेग बटण दाबल्याची वार्ता तारेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्याचा. ही वार्ता तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून जाते. खांबांवरच्या उघड्या तारांवर तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ असतो, आणि प्लास्टिकचे वेष्टन असलेल्या केबलमध्ये तो वेष्टनाच्या पदार्थानुसार घटून अनेकदा दोन तृतीयांशाच्या आसपास येतो. पहिल्या अर्थाने आपल्या प्रश्नसंचातले विधान साफ चूक आहे. दुसऱ्या अर्थाने ते ‘जवळजवळ बरोबर’ आहे, पण ‘इतकाच’ हा शब्द तेव्हाही काढावा लागेल.

मुलांना समजावताना ठिबकचा दाखला द्यावा, कारण तो त्यांच्या हाताखालचा आहे. नळ्या आधीच पाण्याने भरलेल्या असतील, तर मोटर सुरू होताच शेवटच्या झाडाशी थेंब पडू लागतो. तो थेंब विहिरीतून त्या क्षणी धावत आलेला नसतो, दाब मात्र धावत आलेला असतो. तांब्याची तार ही अशीच कायम भरलेली नळी आहे. मात्र दाखला इथेच थांबवावा. आपल्याकडचा पुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने इलेक्ट्रॉन पुढे जाऊन परत येतात, आणि त्यांची ही ये-जा मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाच्या आसपास असते. त्यात मळ्याजवळच्या डीपीत ट्रान्सफॉर्मरची दोन वाइंडिंग एकमेकांना जोडलेलीच नसतात, त्यांच्यामधून पलीकडे पोहोचते ते फक्त चुंबकीय क्षेत्राचे काम. म्हणजे दीपनगरचा एकही इलेक्ट्रॉन आपल्या यावलच्या मोटरीपर्यंत येत नाही. येते ती ऊर्जा, आणि ती तारेच्या पोटातून न येता तारेभोवतीच्या क्षेत्रांतून येते, हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये गणिताने दाखवले.

म्हणून ‘प्रवाह’ शब्दाबद्दलची आपली शंका मला रास्त वाटते. तरीही तो शब्द टाकू नये. इलेक्ट्रॉनांवरचा विद्युत प्रभार खरोखरच हलतो आणि त्याच्या हालण्याचे माप म्हणजेच प्रवाह. चूक होते ती ‘प्रवाह’ आणि ‘ऊर्जा’ एकच मानल्याने. या बाबतीत लोकांची बोली मला अधिक नेमकी वाटते. आपल्याकडे लाईट ‘येते’ आणि ‘जाते’, ती ‘वाहते’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतून आलेला हा शब्द विजेच्या जागी बसताना तिचे स्त्रीलिंगही घेऊन बसला, हेही नोंदवावेसे वाटते.

‘लहरी’ की ‘तरंग’? दोन्ही शब्द रुळलेले आहेत. ‘लहर’ ला मनाच्या लहरीचा अर्थ चिकटलेला असल्याने शास्त्रीय लेखनात मी ‘तरंग’ पसंत करतो, पण ‘रेडिओलहरी’ आता बदलू नये. नाव कोणतेही घ्या, नाते मात्र सांगावे. १८५६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वेबर आणि कोलराउश यांनी केवळ विद्युत मोजमापांतून सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर असा वेगाचा आकडा काढला होता, आणि फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८४९ मध्ये प्रकाशाचा वेग सुमारे ३,१५,००० किलोमीटर मोजला होता. हे दोन आकडे इतके जवळ आहेत याचा अर्थ प्रकाश हाच विद्युतचुंबकीय तरंग आहे, असा निष्कर्ष मॅक्सवेल यांनी मांडला, आणि हर्ट्झ यांनी १८८८ पर्यंत असे तरंग प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवले. विजेचा आणि प्रकाशाचा खरा संबंध असा आहे. मुलांना तो न सांगता केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगितले, तर फार मोठी गोष्ट हातची जाते.

प्रतिसाद (धुळ्याहून)

नववीच्या वर्गात आपण ‘चाल’ आणि ‘वेग’ यांत फरक शिकवतो. वेगाला दिशा असते, चालीला नसते. मग ‘प्रकाशाचा वेग’ असे का म्हणावे? २,९९,७९२.४५८ किलोमीटर प्रतिसेकंद या आकड्यात दिशा कुठेच नाही.

उत्तर (भुसावळहून)

दादा, आपले म्हणणे काटेकोरपणे खरे आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर उभी आहे, आणि तो निर्वातातला, दिशेविना आहे. म्हणून व्याख्या लिहिताना ‘चाल’ लिहावे. मात्र ‘चाल’ म्हणताच सामान्य वाचकाला बैलाची किंवा गाण्याची चाल आठवते, आणि ‘प्रकाशाचा वेग’ तर तोंडी बसलेला आहे, त्यामुळे इतर लेखनात मी तो तसाच ठेवतो. ताईंनी आपल्या प्रश्नसंचात मूळ विधानाऐवजी असे वाक्य घालून पाहावे: ‘बटण दाबल्याचा परिणाम तारेवरून प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने पोहोचतो, तारेतील इलेक्ट्रॉन मात्र गोगलगायीपेक्षाही सावकाश सरकतात.’