वेताळाचे जुने अंक थोडे विकायचेत, पण कधी?

पोटमाळा:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमची सोसायटी (ठाणे) रीडेव्हलपमेंटला गेलीय, दिवाळीनंतर घर खाली करून द्यायचंय आणि मग निदान तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत. माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका आहेत, माझ्या आणि थोरल्या भावाच्या कॉमिक्सच्या. ढोबळ हिशोब असा की इंद्रजाल कॉमिक्स (वेताळ म्हणजे फँटम, मँड्रेक वगैरेंच्या गोष्टींचे अंक) तीनशेच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त मराठी, बाकी इंग्रजी, थोडे हिंदी. अमर चित्र कथा सत्तर-ऐंशी. चांदोबाचे चार जाडजूड बाईंड, वडिलांनी बांधून घेतलेले. शिवाय भाऊ दुबईला असताना तिकडून आणलेले नव्वदच्या दशकातले अमेरिकन सुपरहिरोवाले चाळीसेक, काही तर अजून सीलबंद पिशवीत.

भाऊ म्हणतो तुझं तू ठरव, मला काही नको. सगळं विकायचं नाहीये हे नक्की, पण निम्मं तरी कमी करायला लागणारच. एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणाला सगळा लॉट पस्तीस हजारात उचलतो, निवडून सुटे देणार असाल तर मग राहू दे. इकडे फेसबुकवर बघतो तर एकेका अंकाला लोक हजार-दीड हजार सांगतायत. शाळेतला एक मित्र म्हणतो अजिबात हात लावू नकोस, दहा वर्षांनी पाचपट होतील. माझं डोकं चालेनासं झालंय. आत्ता विकू का थांबू, आणि थोडंच विकायचं तर आधी काय काढू?

जुनाबाजार:
काका (तीनशे इंद्रजाल म्हणजे काकाच असणार, हलकेच घ्या), तो लॉट देऊ नका. भाव कमी आहे की जास्त ते सोडा, पण 'सगळं द्या नाहीतर राहू दे' म्हणणाऱ्याला त्या ढिगात नेमकं काहीतरी दिसलेलं असतं. दहा-पंधरा अंकांवर तो पैसे वसूल करणार आणि उरलेलं फुटपाथवरच्या कुणालातरी गोणीत भरून देणार. त्याचं काही चुकत नाही, धंदा आहे त्याचा, फक्त ते दहा-पंधरा कुठले हे तुम्हाला त्याच्या आधी कळलं पाहिजे.

तेव्हा आधी यादी करा. वहीत करा, एक्सेलमध्ये करा, पण करा. इंद्रजाल हे टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचं, मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, पहिले बत्तीस अंक नुसता वेताळ, नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली, डिसेंबर १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर आला, आणि १९९० ला दुकान बंद झालं तोवर ८०३ अंक निघाले. सलग नंबर ४४३ पर्यंतच आहेत, पुढे विसावा खंड अंक १ अशी नवीन मोजणी सुरू होते, त्यामुळे कव्हरवर नुसता १ दिसला म्हणून उड्या मारू नका. आणि यादीत १२३, १२४ दिसत नाहीत म्हणून ट्रंक उपसत बसू नका, संपामुळे ते दोन निघालेच नव्हते.

सर्वसाधारण नियम, नंबर जितका लहान तितकी गिऱ्हाइकं जास्त. साठच्या दशकातले धड अवस्थेतले अंक निघाले तर ते बाजूला काढा आणि घाई अजिबात करू नका. ऐंशीच्या दशकातले जागोजाग मिळतात, ते आधी काढा, त्यात थांबून काही हाती लागणार नाही. डबल असतील तर डोळे झाकून विका. एक मात्र पाळा, दोन-तीन अंकांत चालणाऱ्या गोष्टी फोडू नका. भाग १ एकाला आणि भाग ३ दुसऱ्याला दिलात की उरलेला भाग २ घेऊन तुम्ही बसणार कायमचे.

फेसबुकचा भाव म्हणजे मागितलेला भाव. दीड हजार मागायला काय जातंय. खाली 'सोल्ड' पडलंय का, पडलं तर किती दिवसांनी, आणि इनबॉक्समध्ये घासाघीस होऊन कितीला गेलं ते बघा. पूर्वी ईबे इंडियावर संपलेल्या लिलावांचे आकडे तरी बघायला मिळायचे, ते २०१८ ला बंद झाल्यापासून खरा भाव कळायला दोन-चार ग्रुपवर महिनाभर नुसतं बसून बघणं हाच उपाय. तुमच्याकडे दिवाळीपर्यंत वेळ आहे, बसा बघत.

कसर:
वरचा प्रतिसाद पटला पण यात एक गोष्ट राहतेय, कागद. थांबू का विकू हे बाजार ठरवतो असं सगळे धरून चालतात, आणि तोपर्यंत माळ्यावर कागद स्वतःच ठरवून मोकळा झालेला असतो.

हे अंक हलक्या कागदावर छापलेले, असला कागद वर्षानुवर्षं आतूनच आम्लधर्मी होत जातो, आधी पिवळा, मग तपकिरी, मग कडकडीत. त्यात तुमची पत्र्याची ट्रंक, वर स्लॅब, मे महिन्यात ती आतून भट्टी आणि जुलैत ठाण्याची ओल. एक काम करा, पावसाची उघडीप बघून प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक अंक काढा, टेबलावर सपाट ठेवा आणि मधलं पान उघडा. पिनेभोवती गंजाची तपकिरी चकती दिसेल. पान हळूच हलवून बघा, पिनेपाशी धरून आहे का भोक मोठं होऊन निसटायला आलंय. मग पानाची वरची कड बोटाने जरा वाकवा, लवचिक असेल तर ठीक, तुकडा बोटाला लागून आला तर त्या अंकाला दहा वर्षांनी पाचपट वगैरे विसरा, दहा वर्षांनी तो भुसा असेल. कव्हरवर नागमोडी खरवडल्यासारखं दिसलं तर ती कसर (माझं नाव त्यावरूनच घेतलंय), कडेने मातीसारखं दिसलं तर वाळवी, तो गठ्ठा लगेच वेगळा ठेवा.

म्हणजे माझ्या हिशोबाने कडक व्हायला लागलेले पण अजून पूर्ण असलेले अंक या वर्षीच विकावेत, घेणाऱ्याला स्पष्ट सांगून. लवचिक आहेत ते ठेवायला परवडतात.

आणि विकायच्या आधी 'जरा नीट करू' म्हणून कृपया काही करू नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच, गंजलेल्या पिना उपटून नवीन स्टेपल मारू नका, कडा कापून सारख्या करू नका. लायब्ररीचा शिक्का असेल तर असू दे, खोडलात तर जास्त वाईट दिसतो. भाड्याच्या घरात नेताना ट्रंक नको, पुठ्ठ्याचे खोके, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदात असा मुरतो की घेणारा पाकीट उघडूनच परत करतो.

एडिसनकर:
भारतातल्या भावाचं मला फारसं कळत नाही, पण ते चाळीस अमेरिकन अंक माझ्या विषयातले म्हणून ही पिंक. (इथे न्यू जर्सीत तळघर भरलंय माझं, बायको आता खाली उतरतच नाही.)

नव्वदचं दशक आणि सीलबंद पिशवी हे वाचूनच मनात पाल चुकचुकली. त्या काळात इथे सगळ्यांनी हे पुढे सोनं होणार म्हणूनच घेऊन ठेवलं होतं. १९९१ चा एक्स-मेन नंबर १ ऐंशी लाखांच्या वर प्रती खपला. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला तो ७५ नंबर, काळ्या पिशवीतला, लोकांनी रांगा लावून घेतला आणि बहुतेकांनी पिशवी फोडलीसुद्धा नाही. झालं काय, की सगळ्यांकडेच आहे आणि सगळ्यांचाच चांगला आहे, मग विकत घेणार कोण? तुमच्याकडे तोच असेल तर तिकडून इकडे पाठवायचा खर्चच त्याच्या किमतीला खाईल. हे चाळीस एखाद्या पुतण्याभाच्याला देऊन टाका, पिशवी फोडून वाचू दे त्याला.

फक्त देण्याआधी नंबर तपासा. १९८८ चा अमेझिंग स्पायडर-मॅन ३०० (व्हेनम) किंवा तसलं एखादं पात्र पहिल्यांदा आलेला अंक चुकून त्यात असला तर गोष्ट वेगळी, इथे टाका, मी सांगतो. आणि असल्या अंकांना वेळेचं गणित खरंच असतं. सिनेमा किंवा सिरीजची नुसती घोषणा झाली की भाव वर जातो, प्रत्यक्ष पडद्यावर येईपर्यंत टिकतो कधी नाही टिकत, आणि आल्यावर बहुतेक वेळा उतरतो. १९७५ च्या वेअरवुल्फ बाय नाइट ३२ मध्ये मून नाइट पहिल्यांदा आला, त्याच्यावर सिरीज आली तेव्हा त्या अंकाचं अगदी असंच झालं. २०२०-२१ मध्ये लॉकडाऊनमध्ये सगळंच चढलं होतं आणि नंतर धाडकन खाली आलं. तुमचा मित्र दहा वर्षांनी पाचपट म्हणतोय तो बहुतेक त्या वेळचे व्हिडिओ बघून.

अंक ग्रेडिंगला (अवस्थेचा दर्जा ठरवून घ्यायला) पाठवून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून घ्यायचं इथे फार चालतं, तुम्हाला कुणी सुचवेलच. इंद्रजालसाठी त्या फंदात पडू नका. ग्रेडिंगवाल्यांकडे फ्लोरिडाला जाऊन-येऊन पोस्टेज, फी, विमा, आणि तुमचं गिऱ्हाईक आहे तिकडचं, त्याला तो अंक उघडून वास घेऊन बघायचा असतो.

मनीमाऊ:
सगळ्यांचे प्रतिसाद छान आहेत पण मला जरा वेगळं म्हणायचंय. दादा, तुमचे अंक घेणार कोण याचा विचार करा ना. वेताळ वाचून जे मोठे झाले ते आज पन्नाशी-साठीत आहेत, मुलं मार्गी लागलीयत, हातात पैसा आहे, आणि लहानपणी घरच्यांनी रद्दीत घातलेले अंक आता परत मिळवायचेत. अजून पंधरा वर्षांनी हीच मंडळी तुमच्यासारखी घर आवरायला काढणार आणि तेव्हा बाजारात विकणारेच जास्त असतील. माझ्या मुलाला वेताळ म्हणजे विक्रमाच्या पाठीवरचा तेवढाच माहिती आहे. त्यामुळे 'थांबा, भाव वाढेल' हे मला पटत नाही. गिऱ्हाईक हयात आणि हौशी आहे तोवर विकावं.

जुनाबाजार:
@मनीमाऊ, इंग्रजीच्या बाबतीत पूर्ण मान्य. त्यात आता वेताळाचे नवे छापील अंकही भारतात परत निघायला लागलेत, ज्याला नुसती गोष्ट वाचायची तो चकचकीत नवा घेईल. पण मराठीच्या बाबतीत थोडं थांबा. इंग्रजी अंकाला आख्ख्या भारतात गिऱ्हाईक आहे, शिवाय वेताळाचे चाहते ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनमध्ये ढिगाने आहेत, तिकडे १९४८ आणि १९५० पासून अंक निघतायत, ते लोक जगभरातल्या आवृत्त्या जमवतात. मराठीचं गिऱ्हाईक आपल्यातलंच, म्हणजे थोडं. पण मराठी अंक घराघरांत वाचून फाडले गेले, शिल्लक कमी. आणि ज्याला हवाय त्याला मराठीच हवा असतो, त्या गुळगुळीत मराठीत वेताळ बोलतो ती मजा इंग्रजीत नाही. अशी वस्तू बाजारात नेऊन ठेवायची नसते, माणूस भेटला की द्यायची. त्याला वर्ष लागेल, पाच लागतील.

अमर चित्र कथांचं काय करायचं ते एका ओळीत सांगतो, १९६७ पासून आजतागायत पुन्हा पुन्हा छापल्या जातायत, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या आवृत्त्या (मालिका अकरा नंबरच्या कृष्णापासून धरतात) सोडल्या तर त्या देऊन जागा मोकळी करा.

पोटमाळा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल पाऊस नव्हता म्हणून एक ट्रंक उतरवली. कसर यांनी सांगितलं तसं मधलं पान उघडून बघितलं, इंग्रजी गठ्ठ्यातले बरेच पिनेपाशी गेलेत, मराठी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते ते नवलाने बरे आहेत. शंभराच्या आतले नंबर सात निघाले, तीन मराठी. काळ्या पिशवीतला सुपरमॅनही निघाला, तोही एक नाही, भावाने तीन घेऊन ठेवलेत! त्याला एडिसनकरांचा प्रतिसाद पाठवला, अजून उत्तर नाही.

तर सध्या असं डोक्यात आहे की व्यापाऱ्याला नाही कळवायचं, इंग्रजी आणि हिंदी इंद्रजाल या वर्षीच काढायचे, लहान नंबर सोडून. अमर चित्र कथा भाचीच्या शाळेच्या लायब्ररीला. मराठी सगळे बरोबर न्यायचे, त्यांची एक पेटी मावेल. फक्त चांदोबाचे बाईंड अडलेत. बाइंडरने कडा कापल्यात, कव्हरंही काही ठिकाणी काढून टाकलीयत. सुटे करून विकले तर?

कसर:
सुटे करू नका, पाठीला सरस लावलेला असतो, सोडवताना पानं फाटतील आणि कडा कापल्या त्या काही परत येणार नाहीत. पैशाच्या दृष्टीने त्यांना फार किंमत नाही, पण वाचायला बाईंडसारखं सोयीचं काही नाही. मराठी चांदोबा १९५२ पासूनचा, तुमचे कुठल्या सालचे आहेत ते बघा, पन्नासच्या दशकातले असतील तर एखादं मोठं वाचनालय आनंदाने घेईल, आधी विचारून मगच न्या. नाहीतर त्याच पेटीत वर टाका.

जुनाबाजार:
इंग्रजी विकायला काढाल तेव्हा गणपती-नवरात्रात नको, दिवाळीच्या जरा आधी टाका. हवा कोरडी झालेली असते, लोकांचा बोनस आलेला असतो. प्रत्येकाचे चार फोटो, पुढचं कव्हर, मागचं, मधलं पान पिनेसकट, आणि सगळ्यात वाईट पान. वाईट पानाचा फोटो आधी टाकला की नंतरची निम्मी भांडणं वाचतात. पाठवताना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा आणि स्पीड पोस्ट, आणि पैसे खात्यात आल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

बहादूरवाला:
धागा आत्ता पाहिला. पोटमाळा साहेब, यादी झाली की लिंक इथेच द्या, बहादूरचे इंग्रजीतले काही अंक कमी आहेत माझ्याकडे. डोंबिवलीलाच असतो, पोस्टाचा प्रश्न नाही, रविवारी येऊन घेऊन जाईन. भाव फेसबुकचा देणार नाही, पण त्या व्यापाऱ्याचाही नाही.